पंचेचाळीस युनिटांचा धनी

लाइट गेल्यावर माणूस सगळ्यात आधी काय करतो? मेणबत्ती शोधत नाही. तो गॅलरीत जातो. समोरची बिल्डिंग काळी, डावीकडची काळी, कोपऱ्यावरचं मेडिकलही काळं, असा सगळा देखावा नीट पाहून झाला की आत येऊन समाधानानं जाहीर करतो, ‘‘सगळ्यांचेच गेलेत.’’ एवढं ऐकल्यावर घरातल्यांचं निम्मं उकडायचं थांबतं. समोर दिवे दिसले तर मात्र हाहाकार. बिल भरलं होतं का, कुणी भरायचं होतं, फ्यूज गेला की एमसीबी पडला, आणि हे नेहमी आपल्याच बाबतीत का होतं, इथपर्यंत चर्चा जाते. आमच्या सोसायटीतली माणसं जिन्यात समोरासमोर आली तरी एकमेकांकडे बघत नाहीत. पण अंधार सगळ्यांना सारखा वाटला गेला पाहिजे, यावर त्यांचं एकमत आहे.

पुण्यात हा योग मुख्यतः गुरुवारी येतो. गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, उपासाचा आणि विजेच्या तारांच्या देखभालीचा. खिचडीचं दाण्याचं कूट त्यामुळे आमच्याकडे बुधवारी रात्रीच होतं. शिवाय मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, तेव्हा वार बघायचं कारणच उरत नाही. चार थेंब पडले की गुलमोहराची एखादी फांदी तारेवर टेकते आणि आख्खी गल्ली गॅलरीत येते.

आता तुम्ही म्हणाल, इन्व्हर्टर नाही का? आहे. पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी. दीडशे एएचची बॅटरी. बारा व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॅट-तास, म्हणजे तिच्यात १.८ युनिट वीज मावते, असं गणित सांगतं. गणिताला आमच्या घरातली परिस्थिती ठाऊक नाही. त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं आणि ते कुणी घालायचं, हे लग्न ठरवताना बोलायचं राहून गेलं. त्यामुळे लाइट गेले की इन्व्हर्टर मोठ्या उत्साहानं सुरू होतो, सगळे ‘‘चला, आहे म्हणायचा’’ असं म्हणत पुन्हा सोफ्यावर बसतात, आणि अंग जरा सैल सोडलं की तो टुंई टुंई करत प्राण सोडतो.

अशा अवस्थेत आम्ही इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. बायकोचा विरोध होता. ‘‘बोरघाटात चार्जिंग संपलं तर काय, खोपोलीपर्यंत ढकलायची?’’ या प्रश्नावर शोरूममधला मुलगा गप्प झाला. आमचे चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, खोपोलीकडे उतार आहे. उलट चार्ज होत जाईल.’’ तरी तिचं समाधान होईना. तेव्हा त्या मुलानं शेवटचं अस्त्र काढलं. चार्जिंगच्या तोंडात एक अ‍ॅडॉप्टर खुपसला, त्याच्या दुसऱ्या टोकाला घरात असतो तसला तीन पिनांचा सॉकेट होता, त्यात इलेक्ट्रिक किटली लावली आणि आम्हाला गाडीवर केलेला चहा पाजला.

‘‘सर, हिच्यातून वीज बाहेरपण काढता येते. व्हीटूएल म्हणतात. ३.३ केव्हीएपर्यंत. बॅटरी पंचेचाळीस युनिटची आहे.’’

‘‘म्हणजे घरातले लाइट गेले तर...?’’ बायकोनं विचारलं.

‘‘मॅडम, तुम्हाला कळणारपण नाही.’’

चहा पाणचट होता, पण गाडी बुक झाली. अ‍ॅडॉप्टरचे पैसे वेगळे पडतात, हे बुक झाल्यावर कळलं.

त्या रात्री मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला. पंचेचाळीस भागिले १.८ म्हणजे पंचवीस इन्व्हर्टर! आपल्याकडे जुना पंखा पंच्याहत्तर वॅटचा असतो, म्हणजे एक पंखा सहाशे तास. फ्रिज दिवसाला दीड युनिट धरला तर महिनाभर चालेल. एक महिना लाइट गेले तर फ्रिजमध्ये ठेवायला दूध कुठून येणार, हा प्रश्न आईनं विचारला. मी त्या तपशिलात गेलो नाही.

मला काय झालं होतं, ते सांगायला हवं. आमच्या घरात काहीही टाकत नाहीत. श्रीखंडाचे डबे, मिठाईच्या खोक्यांचे दोरे, जुन्या मोबाइलचे चार्जर, कपड्यांच्या दुकानांच्या पिशव्या आणि त्या पिशव्या ठेवायची पिशवी, सगळ्यावर एकच शिक्का आहे, ‘असू दे, लागेल.’ ते कधी लागत नाही हा भाग निराळा. लागणार आहे या भरवशावर आमच्या तीन पिढ्या सुखानं झोपल्या. आणि आता आमच्या पार्किंगमध्ये पंचेचाळीस युनिट वीज भरून ठेवलेली असणार होती. एवढं मोठं ‘असू दे’ आमच्या घराण्यात आजवर कुणी ठेवलं नव्हतं.

मग मी वाचन वाढवलं. म्हणजे लोकांना सांगण्यापुरतं. जपानमध्ये मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, वीज गेली, तेव्हा गाडीच्या बॅटरीवर घर चालवायच्या कल्पनेनं तिथे जोर धरला. निसाननं २०१२ मध्ये ‘लीफ टू होम’ नावाची जोडणीच बाजारात आणली. त्या लीफ गाडीची बॅटरी चोवीस युनिटची, आणि साधारण जपानी घर तिच्यावर दोन दिवस चालेल असा दावा. अमेरिकेत फोर्डनं २०२२ मध्ये एफ-१५० लाइटनिंग नावाचा विजेवरचा ट्रक रस्त्यावर आणला, तो घराला ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देतो आणि मोठी बॅटरी घेतली तर तीन दिवस घर चालवतो, असं कंपनी सांगते. हिशेब दिवसाला तीस युनिटांचा.

‘‘दिवसाला तीस युनिट?’’ आई म्हणाली. ‘‘ती माणसं दिवे मालवत नाहीत का रे?’’

जपान आणि अमेरिकेत एक सोय आहे, तिकडे गाडी घराला चिकटून उभी असते. आमची गाडी तळाशी पार्किंगमध्ये आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मधे दोन कुटुंबं, एक तुळस, कपडे वाळत घालायच्या अनेक दोऱ्या आणि सोसायटीचे नियम. पंचेचाळीस युनिट खाली आणि अंधार वर, अशी रचना होती.

यावर पहिला सल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी दिला. प्रत्येक सोसायटीत असा एक इंजिनिअर असतो, तो सिव्हिलचा असतो आणि सल्ले इलेक्ट्रिकलचे देतो. ‘‘सोप्पंय. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची. एक पिन गाडीत, दुसरी घरातल्या कुठल्याही प्लगात. आख्खं घर पेटेल.’’

‘पेटेल’ हा शब्द त्यांनी कुठल्या अर्थानं वापरला, ते वायरमन आल्यावर कळलं. तो हे ऐकून स्टुलावरून खाली उतरला.

‘‘साहेब, हे कुणी सांगितलं? एक तर ती पिन हातात धरलेली असताना जिवंत असणार. आणि मेन स्विच चालू राहिला तर तुमच्या गाडीची वीज मीटरमधून उलटी रस्त्यावर जाणार. तिथं ट्रान्सफॉर्मर आहे. इकडून २३० व्होल्ट घातले की तिकडून अकरा हजार निघतात. आणि लाइट गेलेत म्हणून आमचा माणूस खांबावर चढलेला असतो.’’

सगळे गप्प झाले. काका म्हणाले, ‘‘मी थिअरी सांगत होतो.’’

वायरमननं मग रीतसर मार्ग सांगितला. घराच्या बोर्डाला गाडी जोडायची तर चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी एकतर रस्त्याची वीज नाहीतर गाडीची, दोघींची गाठ पडता कामा नये. त्यासाठी पार्किंगपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पक्कं वायरिंग, वीजवाल्यांची परवानगी, सोसायटीचा ठराव. सोसायटीत ठराव म्हटल्यावर मी विषय सोडला. आमच्याकडे गेटला कुठला रंग द्यायचा याचा ठराव अजून प्रलंबित आहे आणि तेवढ्यात गेट गंजून पडलं. मग उरला गरिबाचा मार्ग, लांब वायर आणि वर एक्स्टेन्शन बोर्ड. ‘‘वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, तीन कोअरची. दीडची नको,’’ वायरमन म्हणाला, ‘‘आणि रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळून ठेवली तर तापून वितळेल.’’

वायर आणायला मी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं पेपरातून डोकं न काढता विचारलं, ‘‘कशाला हवीये?’’

‘‘गाडीतून घरात लाइट न्यायचेत.’’

आता डोकं निघालं. ‘‘लोक घरातून गाडीत नेतात.’’

‘‘हो, पण हे उलटं...’’

‘‘घ्या, आपल्याला काय. कापल्यावर परत घेणार नाही.’’

मेच्या एका संध्याकाळी ढग आले, वारा सुटला आणि गुलमोहरानं आपलं काम केलं. लाइट गेले. बाकीचे गॅलरीत आले ते हळहळायला. मी आलो ते वायर सोडायला. पहिल्या मजल्यावरच्या मावशींच्या तुळशीला वळसा घालून वायर खाली पोचली. मी जिन्यानं खाली, अ‍ॅडॉप्टर गाडीत, पिन अ‍ॅडॉप्टरात, स्क्रीनवर बटण. बॅटरी किती उतरली की पुरवठा थांबवायचा, हेही गाडीला सांगून ठेवता येतं; मी वीस टक्के सांगितलं. वर आलो तेव्हा पंखा फिरत होता. राउटरचे हिरवे दिवे लागले होते. टीव्हीवर तीच मालिका, तीच बाई, त्याच दाराआड ऐकत उभी होती. काळ्या इमारतीत आमची एकच खिडकी उजळलेली. मला वाटलं, खालून लोक कौतुकानं बघत असतील.

लोक बघत होते. कौतुकाचं सांगता येणार नाही. अंधार वाटून घेण्याचा करार मी मोडला होता.

पाचच मिनिटांत बेल वाजली. म्हणजे वाजली नाही, दार खडखडलं. बेल आमच्या बोर्डावर जोडलेली नव्हती. मावशी मोबाइल घेऊन उभ्या होत्या. ‘‘फक्त दहा टक्के होऊ दे.’’ त्यांच्या मागे त्यांच्या सूनबाई, ‘‘फक्त बाळाचं स्टीमर.’’ त्यांच्या मागे इंजिनिअर काका, एक लॅपटॉप, दोन पॉवर बँक आणि थिअरी घेऊन. मग चौथ्या मजल्यावरून इडलीचे भिजवलेले डाळ-तांदूळ आले, फक्त एकदा मिक्सरवर फिरवायला. आठ वाजेपर्यंत आमचं घर वाडीतला सार्वजनिक नळ झालं होतं. भांडी तेवढी वेगळी. जिन्यात न बोलणारी माणसं आमच्या हॉलमध्ये मांडी घालून एकमेकांच्या मुलांची लग्नं ठरवत होती.

आणि बोर्ड भरला तरी कुणी ‘फक्त’ सोडेना.

३.३ केव्हीए म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही हे सगळं मिळून पाचशे वॅटसुद्धा होत नाही, तिथवर रामराज्य. मिक्सर साडेसातशे. तोही सोसला. पण दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं म्हणून कुणीतरी हजार वॅटची इस्त्री लावली आणि त्याच क्षणी कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये वरण गरम करायला ठेवलं. फट्. अंधार. सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हणजे मला तसं वाटलं, दिसत नव्हतं. लिफ्ट बंद, मी तीन मजले खाली, बटण, तीन मजले वर. बसतो न बसतो तोच फट्. ‘‘कुणी काय लावलं?’’ ‘‘काही नाही हो, फक्त केस वाळवायचं मशीन.’’ बॅटरीवर घर चालतं असं म्हणतात. त्या रात्री ते माझ्या गुडघ्यांवर चाललं.

आईची तक्रार निराळीच होती. ‘‘अरे, तो जनरेटर बरा. आवाज तरी यायचा. ही चालू आहे की नाही, कसं कळायचं?’’

दहाच्या सुमारास सेक्रेटरी आले. एरवी हे गृहस्थ दारात आले की हातात नोटीस असते. आज हात मोकळे आणि चेहऱ्यावर हसू.

‘‘साहेब, वायर दर्शनी भागावरून घेतलीत, ते आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं.’’

‘‘आभारी आहे.’’

‘‘सकाळी पाणी चढवायचंय. फक्त टाकीचा पंप जोडता येईल का?’’

पंप पाच हॉर्सपॉवरचा आणि थ्री-फेजचा आहे, सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ‘‘मग लिफ्ट?’’

लाइट आले तेव्हा पहाट होत होती. गाडीत बघितलं, एका रात्रीत बारा युनिट गेले होते. आमच्या घराचे त्यातले किती, हे विचारायची सोय नव्हती. सकाळी चौथ्या मजल्यावरून इडल्या आल्या.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक नवं कोष्टक बसलं आणि ते निघायला तयार नाही. गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट मला किलोमीटरमध्ये दिसायला लागली. तासभर इस्त्री म्हणजे सात किलोमीटर, डेक्कनवरून चांदणी चौक. रात्रभर एसी म्हणजे लोणावळा. चिरंजीवांनी पॉवर कट असताना गेम खेळायला घेतला की मी ओरडतो, ‘‘अरे, हडपसरला पोचलास!’’

याची उलटी बाजू त्याहून वाईट. प्रत्येक प्रवास मला विजेच्या उपकरणांत दिसायला लागला. बायको म्हणाली, ‘‘रविवारी साताऱ्याला दादाकडे जाऊन येऊ.’’ जायचे एकशेदहा किलोमीटर. मी सहज बोलून गेलो, ‘‘म्हणजे दहा दिवसांचा फ्रिज.’’

‘‘माझा भाऊ तुम्हाला फ्रिजएवढा वाटतो?’’

‘‘जायचा-यायचा धरला तर वीस दिवसांचा,’’ मी दुरुस्ती केली. त्या वाक्यानं काही सुधारलं नाही.

आता आमच्याकडे असं ठरलंय. बुधवारी रात्री गाडी फुल चार्ज करायची, कारण गुरुवारी लाइट जाणार. गुरुवारी गाडी काढायची नाही, कारण लाइट जाणार. लाइट गेले तर गाडीची वीज वापरायची नाही, कारण शुक्रवारी गाडी लागेल. शुक्रवारी गाडी काढायची नाही, कारण हवामान खात्यानं यलो अलर्ट दिलाय. आमच्या पार्किंगमधल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला पंधरा तासांच्या आसपास लागतात. मग तेवढा वेळ लाइट राहतील याची खात्री काय? म्हणून ऐंशीच्या खाली टक्के गेले की माझ्या पोटात कालवतं. पेट्रोलचे पैसे वाचावेत म्हणून घेतलेली गाडी उभी आहे आणि मी रिक्षानं फिरतो. पैसे पेट्रोलचे वाचतातच. रिक्षावाल्याची रिक्षा सीएनजीवर चालते.

एकानं विचारलं, ‘‘साहेब, रोज दिसता. गाडी नाही का घेतली?’’

‘‘आहे. घरी लागते.’’

परवा आत्तेभावाच्या मुलीचं लग्न नगरला होतं. बायको आदल्या दिवशीच आत्यांबरोबर पुढे गेली. मी सकाळी उठून आकाश बघितलं, फोनवर अंदाज बघितला, गाडीचे टक्के बघितले. शंभर. शंभर टक्के भरलेली गाडी हलवायला माणसाचं काळीज दगडाचं हवं. मी शिवाजीनगरला जाऊन शिवाई पकडली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच पुणे-नगर रस्त्यावर धावली होती आणि पहिली विजेवरची शिवाईही १ जून २०२२ ला इथेच. गाडी गार, झुळझुळीत, आवाज नाही. मी बसलो आणि माझं कोष्टक सुरू झालं.

‘‘मास्तर, हिची बॅटरी केवढी असेल हो?’’

कंडक्टरनं तिकीट काढता काढता विचारलं, ‘‘का?’’

‘‘नाही, म्हणजे कधी घराला वगैरे जोडायची झाली...’’

कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. नगर रस्त्यावर त्यानं बरीच माणसं बघितली असणार, पण डेपोतून बस घरी न्यायची भाषा करणारा पहिलाच. ‘‘तुमच्याकडं गाडी नाही का?’’

‘‘आहे ना. पार्किंगमध्ये. लाइट जातील म्हणून ठेवलीये.’’

‘‘सुट्टे द्या,’’ तो म्हणाला आणि मागच्या सीटकडे सरकला.

वाघोली मागे पडली आणि फोन वाजला. चिरंजीव होते. मागे बराच गलका, त्यात सेक्रेटरींचा आवाज ओळखू येत होता, आणि मिक्सरचं भांडं कुठेतरी आपटल्याचाही.

‘‘बाबा, लाइट गेलेत. आजी म्हणतीये वायर सोड. सगळे आलेत. गाडीची किल्ली कुठे ठेवलीये?’’

मी खिशात हात घातला आणि सीटवरून उभाच राहिलो.

‘‘उतरायचं असलं तर खुशाल उतरा,’’ मागून कंडक्टर म्हणाला, ‘‘पण तिकीट नगरचं फाडलंय. पैसे मिळायचे नाहीत.’’